खोक्यासकट मिठाई

आमच्या सोसायटीत एखाद्या मुलानं पहिलं पाऊल टाकलं की शेजारपाजारचे टाळ्या वाजवतात आणि टाळ्या थांबायच्या आत विचारतात, "ॲडमिशनचं काय केलंत?" मूल तोवर परत बुडावर बसलेलं असतं. त्याचे आईवडील मात्र तिथून पुढे दोन वर्षं उभेच.

बाणेर-बालेवाडीकडे आता दर चौकाला एक औषधांचं दुकान, एक केकचं दुकान आणि दोन प्ले स्कूल असा हिशेब आहे. भिंतीवर जिराफ, फाटकावर मिकी माऊसचा कुणी लांबचा नातेवाईक आणि नावाच्या शेवटी 'इंटरनॅशनल'. आतली मुलं बाणेरची, बालेवाडीची आणि अगदीच परदेशातली म्हणायची तर मुळा नदी ओलांडून वाकडहून आलेली.

शाळा जूनमध्ये भरते, पण प्रवेशाची धावपळ दसऱ्यालाच सुरू होते. त्यात सरकारचा एक 'मानीव दिनांक' असतो, ३१ डिसेंबर. त्या तारखेपर्यंत तीन वर्षं पुरी होत असतील तर मूल नर्सरीला लायक. आमच्या वरच्या मजल्यावरचा एक मुलगा एक जानेवारीला, मध्यरात्र उलटून वीस मिनिटांनी जन्माला आला. त्याचे वडील त्या डॉक्टरीणबाईंशी अजून धड बोलत नाहीत.

आमची नात ओवी या मानीव दिनांकाच्या सुरक्षित बाजूला जन्मली, हे तिचं पहिलं शैक्षणिक यश. मुलगा हिंजवडीत, सूनबाई खराडीला. दोघांना एकाच दिवशी रजा मिळणं म्हणजे ग्रहणाचा योग. त्यामुळे शाळा बघायच्या मोहिमेवर माझी नेमणूक झाली. मी वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. दुकानदाराच्या तराजूखाली चिकटवलेलं चुंबक, पोटातून पोखरलेलं वजन, तळाशी ठोकून वर उचललेलं तेलाचं माप हे बघण्यात माझी हयात गेली. मुलाला वाटलं, बाबांचा वेळ जाईल. सूनबाईला वाटलं, बाबांचा उपयोग होईल. तिनं संगणकावर एक तक्ता तयार केला होता. त्यात अंतर, फी, एसी, सीसीटीव्ही, बस, पोहण्याचा तलाव असे रकाने. आमच्या हिनं तो तक्ता चष्मा लावून वाचला आणि एकच रकाना वाढवायला सांगितला : संडास. सूनबाईनं तो 'इतर' या सदरात घातला.

पहिल्या शाळेच्या वेळी दोघांच्या रजेचा तो योग नेमका जुळला. तिथं आम्हाला काउन्सेलर मॅडमकडे नेलं. समुपदेशन माझंच व्हायचं आहे हे मला जरा उशिरा कळलं. मॅडम म्हणाल्या, "सर, मेंदूची पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. नॅशनल एज्युकेशन पॉलिसीमध्येच आहे." आहे, खरंच आहे. २०२०च्या धोरणात ते वाक्य आहे, आणि ते अंगणवाड्या आणि बालवाड्या सरकारनं गंभीरपणे घ्याव्यात म्हणून आहे. इथं ते हप्त्यांच्या तक्त्याच्या डोक्यावर छापलेलं होतं. माझा मुलगा ते वाचून पांढरा पडला. ओवी अडीच वर्षांची, म्हणजे तिच्या मेंदूची मुदत निम्मी सरत आलेली आणि आपण अजून पार्किंग शोधतोय, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर उमटलं. मी मनातल्या मनात उरलेल्या पंधरा टक्क्यांचा हिशेब करत होतो. तेवढ्या भांडवलावर मी खात्याची परीक्षा दिली, लग्न केलं, घराचं कर्ज फेडलं आणि आता या मॅडमपुढे बसून ऐकत होतो.

त्याच धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे आणि तो खेळातून जावा असं म्हटलं आहे, हे मात्र मॅडमनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचं कपाट उघडता आलं नसतं. त्या कपाटात छापील वर्कशीटांचे गठ्ठे होते. ठिपके जोडा, अक्षर गिरवा, एक ते पन्नास लिहा. "आमचं सगळं प्ले-बेस्ड आहे," मॅडम म्हणाल्या आणि तुकडीवार गठ्ठे दाखवू लागल्या.

मग फी. ती एका आकड्यात कुणी सांगत नाही. नोंदणी वेगळी, प्रवेश वेगळा, साहित्य वेगळं, ॲक्टिव्हिटी वेगळी, स्नेहसंमेलनात मूल मधमाशी होणार त्याच्या पंखांचे वेगळे. मिठाईवाल्यांबद्दल आमच्या खात्याचा एक नियम आहे. पेढे तोलताना खोक्याचं वजन धरायचं नाही. ग्राहक पेढ्यांचे पैसे देतो, पुठ्ठ्याचे नाही. दिवाळीत या एका नियमापायी मी किती दुकानदारांचे शिव्याशाप घेतले ते सांगत नाही. शाळांच्या बाबतीत असा नियम केला तर काय होईल, याचा विचार मी त्या गारेगार खोलीत बसून केला. जिराफ वगळा, एसी वगळा, रबरी गवत वगळा, मधमाशीचे पंख वगळा, आणि मग पारड्यात काय उरतं ते बघा. उरते ती ताई. ती आम्हाला कुणीच दाखवत नव्हतं. "टीचर्स सगळ्या ट्रेन्ड आहेत," इतकंच. किती मुलांमागे एक, त्या किती दिवस टिकतात, त्यांना पगार काय मिळतो, यातलं शेवटचं विचारल्यावर सूनबाईनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

सीसीटीव्हीबद्दल मात्र मॅडम भरभरून बोलल्या. मोबाइलवर वर्ग थेट दिसतो म्हणे. आमच्या शेजारच्या घरी ही सोय आहे. तिथली आई ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून वर्ग बघते, आजी पोळ्या लाटताना बघते, आणि नाशिकची दुसरी आजी दोघींना फोन करून सांगते की आज डबा नीट खाल्ला नाही. मूल डबा खायचं की नाही ते ठरवत असतं आणि तीन ठिकाणांहून त्याच्यावर नजर. आमच्या वेळी एवढा पहारा सरकारी कोषागारावर नसायचा.

आमच्या वेळी म्हटलं म्हणून कुणी खूश होऊ नका. आमच्या काळच्या बालवाडीचे गोडवे मला ऐकवत नाहीत. देवळाच्या ओवरीत पोरांचा ढीग, एक बाई, त्यांच्या हातात फूटपट्टी, आणि पाटी पुसायला थुंकी. बरीचशी पोरं शिकायची ती कान पिळला जायच्या आधी सटकायची कला. त्या शाळेलाही वजन नव्हतं; फरक एवढाच की खोकंही नव्हतं.

दुसरी शाळा मॉन्टेसरी. पाटीवर तसं ठळक लिहिलं होतं. हे नाव कुणीही लावू शकतं. चहाच्या पुड्यावर आत किती ग्रॅम आहे ते छापावं लागतं, मॉन्टेसरीच्या पाटीखाली आत किती मॉन्टेसरी आहे ते छापावं लागत नाही. मारिया मॉन्टेसरीबाईंनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो वस्तीत पहिलं बालगृह काढलं ते मजुरांच्या पोरांसाठी. आईबाप कामावर गेले की पोरं जिने खराब करत हिंडायची, त्यांना कुठंतरी बसवायचं म्हणून. आता त्याच पद्धतीच्या शाळेबाहेर गाड्या लावायला जागा मिळत नाही.

पण त्या शाळेत मला एक वस्तू दिसली आणि माझा खात्यातला जीव जागा झाला. गुलाबी मनोरा. लाकडाचे दहा घन, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, पुढचा दोनचा, असे चढत जाऊन शेवटचा बरोबर दहा सेंटिमीटरचा. म्हणजे खालचा ठोकळा पोकळ असता तर त्यात नेमकं एक लिटर मावलं असतं आणि वरच्यात एक मिलिलिटर! एवढी चोख मापं मी सराफांकडेही पाहिली नाहीत. मूल ते ठोकळे एकावर एक रचतं, चुकलं तर मनोरा वेडावाकडा होतो, आणि चूक त्याची त्यालाच दिसते. बाईंना ओरडावं लागत नाही. मी हात पुढे केला. कपाटाला कुलूप होतं.

"हा कुलपात का?"

"सर, मुलं पीसेस हरवतात."

काचेतून मोजले. नऊ होते. गेला होता तो सर्वांत धाकटा, एक सेंटिमीटरचा. आणि खरी गंमत त्यातच. मुठीत तो धरताच येत नाही, चिमटीत धरावा लागतो, आणि उद्या पेन्सिल धरायची ती त्याच तीन बोटांनी. पंचनामा करायचा मोह मी आवरला.

हे सगळं आपल्याकडे कुणाला कळलं नव्हतं असं नाही. भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी वकिली सोडून १९२०मध्ये बालमंदिर काढलं. त्यांच्या भरघोस मिशांमुळे आणि मुलांवरच्या मायेमुळे गुजरातेत लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणत, म्हणजे मिशाळ आई. (मलाही मिशा आहेत, ओवी त्या ओढते, पदवी अजून दिलेली नाही.) त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे १९४५ साली बोर्डीला आल्या आणि तिथून १९५७मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, सोबत अनुताई वाघ. आसपासचे वारल्यांचे पाडे. तिथली मुलं शाळेत येईनात. तेव्हा या बायकांनी पालकांना समुपदेशनाला बोलावलं नाही. शाळा उचलली आणि पाड्यावरच्या अंगणात नेली. इटालियन साहित्य महाग पडतं म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे आणि माती घेतली. मोजायला चिंचोके पुरतात, रंग ओळखायला पानंफुलं. 'अंगणवाडी' ती हीच. पुढे १९७५मध्ये केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना काढली तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळालं. मी हे सूनबाईला गाडीत सांगत होतो. ती म्हणाली, "बाबा, कोसबाड आपल्याला लांब पडेल."

तिसऱ्या शाळेत मुलाखत होती. शाळेच्या भाषेत 'इंटरॅक्शन'. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या तेराव्या कलमात मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला मनाई आहे. पण कायदा मुख्यतः बोलतो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांबद्दल. अडीच वर्षांचा उमेदवार त्या फटीतून बरोबर मुलाखतीच्या खुर्चीत येऊन पडतो. त्याच्याही आधी, १९९३ साली, प्रा. यशपालांच्या समितीनं नर्सरीच्या चाचण्या आणि मुलाखती बंद करा, कोवळ्या मुलांवर लेखन-वाचन-अंकांचा मारा करू नका, असं साफ लिहून दिलं होतं. तो अहवाल लिहिला गेला तेव्हा ओवीचा बाप स्वतः बाराखडी गिरवत होता. आता तो टाय लावून मुलीच्या शेजारी बसला होता आणि त्याचा गुडघा हलत होता.

मॅडमनी केळ्याचं चित्र असलेला पत्ता पुढे धरला. "ओवी बेटा, व्हॉट इज धिस?"

ओवीनं नीट पाहिलं. "कागद."

पंचनाम्यात मीही तेच लिहिलं असतं. मुलानं मात्र "आम्ही घरी फ्लॅशकार्ड घेतोय" असा खुलासा केला. मग फॉर्म आला. पाल्याची बलस्थानं कोणती? मुलानं 'जिज्ञासू' असं लिहिलं. आदल्याच आठवड्यात तिनं पोळ्यांच्या डब्यात टीव्हीचा रिमोट ठेवून डबा बंद केला होता, त्याला धरून असावं. पुढचा प्रश्न : पाल्याबद्दल तुमचं स्वप्न काय? त्यानं लिहिलं, 'ग्लोबल सिटिझन'. घरी आमच्या हिनं प्रत वाचली आणि म्हणाली, "आधी डायपर सुटू दे."

तर त्या वर्कशीटांवरच्या लिहिण्याबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे, कारण खरी मापातली पापं इथं आहेत. साधारण तिसऱ्या वर्षी मूल बघून गोल काढायला लागतं. चौकोन जमतो चौथ्याच्या आसपास, त्रिकोण पाचव्याच्या. तिरकी रेघ काढणं हे हाताला आणि डोळ्याला उशिरा येतं, ते कुणाच्या फीवर अवलंबून नसतं. आता 'अ' आणि 'क' काढून बघा. किती गोलाई, किती दांडे, किती तिरके झोके. ज्या हाताला चौकोन यायचा आहे त्याला आपण पन्नासपर्यंत अंक लिहायला बसवतो आणि मग मूल वही बघून पोट दुखतंय म्हणतं. त्याचं पोट खरंच दुखत असतं. पाच किलोच्या काट्यावर वीस किलोचं पोतं ठेवलं तर काटा मोडतो, आणि दोष कोणी काट्याला देत नाही.

बोटांना ताकद यायला काय लागतं? हे मी एका शाळेच्या 'फाइन मोटर स्किल्स'च्या तासाला पाहिलं. मुलं एका वाटीतला राजमा उचलून दुसऱ्या वाटीत टाकत होती. चांगलाच उद्योग आहे, माझी तक्रार नाही. मी घरी येऊन वर्णन केलं तेव्हा आमची ही मटार सोलत बसली होती. तिनं टोपली ओवीपुढे सरकवली. शेंग दाबायची, फोडायची, दाणे चिमटीनं काढायचे, मोजत वाटीत टाकायचे, गोड लागला तर खायचा. कणकेचा गोळा, शर्टाची बटणं, डब्याचं झाकण, रोपांना घालायचा तांब्या, हे सगळं घरात फुकट पडलेलं असतं. अडचण एकच : मूल मदत करतं तेव्हा दहा मिनिटांचं काम पाऊण तास चालतं आणि मटार सोफ्याखाली सापडतात. आईबापांकडे दहा मिनिटंच असतात. म्हणून ते पाऊण तास विकत घेतात, यात त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. नावं ठेवायची तर आम्हा आजी-आजोबांच्या मंडळाला. संध्याकाळी बागेत बसून कुणाचा नातू किती इंग्रजी कविता म्हणतो याची बोली लावणारे आम्हीच, आणि घास भरवताना हातात मोबाइल देणारेही आमच्यातलेच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये सांगून ठेवलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, त्याहून कमी चालेल तर उत्तमच. आमच्या बागेतल्या काही नातवंडांचा तो तास नाश्त्यालाच संपतो.

बोलण्याचंही तसंच. तीन वर्षांच्या मुलाला भाषा येते ती कुणीतरी त्याच्याशी बोलल्यामुळे आणि त्याचं ऐकून उत्तर दिल्यामुळे. "हे का?" या प्रश्नाला न कंटाळता आठव्यांदा उत्तर देणारं माणूस हा सगळ्यात महागडा अभ्यासक्रम. आणि ते उत्तर घरात ज्या भाषेत सहज येतं त्या भाषेत द्यावं. आमच्या मजल्यावर एक आई मुलाला सांगत होती, "बेटा, डोन्ट टच, तो हॉट आहे, भाजेल, ओके?" मुलानं हात लावला. कुठल्या भाषेत थांबायचं ते ठरेपर्यंत भाजलं.

शाळेत घातल्यावर सगळं सुटेल असं समजणाऱ्यांसाठी पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. शेजारच्यांच्या मोबाइलवर रात्री साडेनऊला निरोप येतो : उद्या यलो डे, पिवळे कपडे, पिवळं फळ, पिवळी वस्तू. साडेनऊ वाजता बाणेरला पिवळं काय मिळतं? हळद. मग बाप स्कूटर काढतो. प्रदर्शन त्याहून भारी. 'मुलांनी केलेल्या वस्तू' या पाटीखाली मी पुठ्ठ्याचा शनिवारवाडा पाहिला. दिल्ली दरवाजाला खिळे होते, आत कारंजं चालू होतं, आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी लावलेली तो मुलगा बाजूला उभा राहून कारंज्यात बोट घालायला बघत होता. त्याचे वडील ओरडले, "हात लावू नको, बिघडेल!"

अखेर सूनबाईच्या तक्त्यात सर्वांत कमी गुण मिळालेल्या एका ठिकाणी आम्ही वाट चुकल्यासारखे गेलो. जुन्या बंगल्याचा तळमजला, मागे आंब्याचं झाड आणि मातीत एक नळ. एसी नाही, जिराफ नाही. आत कालवा चालला होता. एक मुलगी बादलीतलं पाणी पेल्यानं बाटलीत ओतत होती, अर्धं बाहेर. दोन मुलं शेजारी शेजारी बसून आपापला चिखल करत होती, एकमेकांकडे न बघता, जसं त्या वयात करतात. ताई जमिनीवर बसल्या होत्या, त्यामुळे आधी सापडल्याच नाहीत. ओवीला त्यांनी काही विचारलं नाही. ओवीनंच विचारलं, "पाणी घेऊ?" त्यांनी पेला दिला.

सूनबाईनं विचारलं, "रडतात का हो मुलं?"

"रडतात की. हीसुद्धा आठवडाभर रडेल. तुम्ही फाटकाबाहेर रडाल. पहिले काही दिवस आजोबांना इथं आत बसू दे, मग हळूहळू बाहेर."

याआधीच्या तिन्ही शाळांनी आमच्याकडे कुणी रडतच नाही असं ठणकावून सांगितलं होतं. तेवढ्यात आमची ही मागच्या बाजूला जाऊन आली. तिनं मान डोलावली. लहान भांडी, बुटका नळ, ओली नसलेली फरशी, आणि हात पुसायला प्रत्येकाचा वेगळा पंचा. सूनबाईनं तक्ता मिटला. दहा मुलांमागे एक ताई आणि मदतीला एक मावशी, एवढं विचारून पावती फाडली. ओवी परत यायला तयार होईना.

तुमच्या घरी कुणी मानीव दिनांकाच्या या बाजूला असेल तर एवढं करा. माहितीपत्रक घरी ठेवा, पहिल्या फेरीला मूलही घरी ठेवा, आणि वेळ न घेता, शाळा भरलेली असताना साडेदहाच्या सुमारास जा. आत घेतलं नाही तर तेही उत्तरच समजा. आत गेलात तर आधी संडास बघा, मग ताई कुठं बसल्यात ते बघा, आणि भिंती वेळ उरला तर बघा. आमच्या खात्यात तपासणीला आम्ही असेच जायचो. कळवून गेलेल्या दिवशी कुठल्याच दुकानात वजन कमी भरलेलं मला आठवत नाही.